योनेक्स मेविस ३५०: मुलांच्या बॅडमिंटनचा खर्च हे नायलॉनचं शटल कुठवर वाचवतं?

मुलाला बॅडमिंटनला घातलं की पालकांच्या डोळ्यांत पहिल्यांदा भरते ती रॅकेटची किंमत. पण रॅकेट नीट वापरली तर दोन-तीन वर्षं सहज निघतात. बूट पाय वाढेल तसे बदलावे लागतात आणि गटिंग, म्हणजे रॅकेटच्या तारा, तुटेल तसं करून घ्यावं लागतं. हे खर्च अधूनमधून येतात आणि आधी कळतात. शटलचं तसं नाही, त्याचा रतीब लागतो. मूल जितकं चांगलं खेळू लागेल, जितके जास्त तास कोर्टवर घालवेल, तितका तो वाढत जातो. हुशार मुलाच्या घरावर जास्त भार आणि सहज म्हणून येणाऱ्यावर कमी, असा हा उलटा हिशेब आहे. त्यात अलीकडच्या वर्षांत पिसांचा तुटवडा पडला आणि पिसांच्या शटलचे भाव जगभर चढले. पाच दिवसांचा सराव तीन दिवसांवर आणणं हा मग घराघरांतला पहिला उपाय ठरतो, आणि तो थेट मुलाच्या खेळावर येतो.

म्हणून नायलॉनच्या शटलकडे नीट पाहायला हवं. योनेक्स कंपनीचं मेविस ३५० हे त्यातलं सर्वांत ओळखीचं नाव. इथला प्रश्न एवढाच: वाढीच्या वयातल्या, स्पर्धा खेळू पाहणाऱ्या मुलासाठी हे शटल खर्च वाचवतं का, आणि त्या बदल्यात खेळातलं काय जातं?

आमचं मत आधीच सांगतो. शिकण्याच्या पहिल्या टप्प्यात हे शटल पुरेसं आहे, नव्हे, पिसांपेक्षा योग्य आहे. मूल कोर्टच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत क्लिअर (समोरच्या मागच्या रेषेकडे उंच, लांब मारलेला फटका) सातत्याने मारू लागलं की ते अर्ध्या सरावापुरतंच उरतं. त्यानंतरही फक्त त्याच्यावर खेळवत राहिलं तर वाचलेला पैसा स्पर्धेत महागात पडतो.

आधी वस्तूबद्दल. एका डब्यात सहा नग येतात, पिसांच्या डब्यात सहसा बारा. दुकानात दोन डबे शेजारी ठेवून किंमत बघताना हा फरक हमखास विसरला जातो, तेव्हा तुलना नेहमी नगाच्या भावाने करा. घागरा (वरचा पसरट भाग) नायलॉनचा एकसंध, बूड (रॅकेट जिथे लागते ते टोक) बुचाचं. ही बुचाची गोष्ट महत्त्वाची आहे. अगदी स्वस्तातल्या प्लॅस्टिकच्या फुलांचं बूड फोमचं किंवा प्लॅस्टिकचं असतं, त्यावर रॅकेट लागल्यावर हाताला कळतच नाही की फटका मधोमध बसला की कडेला. मुलाची मनगटाची जाण तयार होण्याच्या वयात ती फुलं देऊ नयेत, बागेत खेळायला ठीक. रंग दोन, पांढरा आणि पिवळा. हॉलच्या भिंती फिक्या असतील तर पिवळं घ्या, गडद असतील तर दोन्ही चालतात.

बुचाभोवतीच्या पट्टीचा रंग वेग सांगतो. हिरवी म्हणजे मंद, साधारण २२ ते ३३ अंश सेल्सियसला. निळी मध्यम, १२ ते २३ अंशांना. लाल वेगवान, ० ते १३ अंशांना. हवा गरम असली की विरळ होते, शटलला अडथळा कमी होतो आणि ते लांब जातं, म्हणून गरम हॉलमध्ये मंद शटल लागतं. उंचावरच्या ठिकाणीही हेच. खरेदीत सर्वाधिक चुका इथे होतात. ‘मंद’ हा शब्द वाचून पालकांना ते शिकाऊंसाठीचं किंवा हलक्या प्रतीचं वाटतं. काहीजण याहून पुढे जातात: मुलाचा क्लिअर मागच्या रेषेपर्यंत पोचत नाही म्हणून लाल पट्टीचं आणतात. शटल पोचतं खरं, पण खांदा न फिरवता, नुसत्या हाताच्या रेट्याने पोचतं. नऊ-दहा वर्षांच्या मुलाचा क्लिअर योग्य वेगाच्या शटलने तीन-चतुर्थांश कोर्टपर्यंतच जात असेल तर तसाच जाऊ द्या. ताकद वयाबरोबर येईल, बिघडलेला फटका दुरुस्त करायला मात्र दुप्पट वेळ लागेल.

वेग तपासायची पद्धत जागतिक बॅडमिंटन महासंघाच्या नियमांतच दिली आहे. मागच्या रेषेवर उभं राहून, खालून वर, पूर्ण ताकदीने, बाजूच्या रेषेला समांतर फटका मारायचा. शटल समोरच्या मागच्या रेषेच्या आत ५३० ते ९९० मिलिमीटरच्या पट्ट्यात पडलं तर वेग बरोबर. हे मोजायला टेप लागत नाही. दुहेरीची लांब सर्व्हिसची रेषा मागच्या रेषेपासून ७६ सेंटिमीटरवर असते, म्हणजे ती या पट्ट्याच्या बरोब्बर मध्यावर येते. तिच्या पुढे-मागे वीतभराच्या आसपास शटल पडलं की झालं. ही चाचणी प्रशिक्षकाने करायची. लहान मुलाच्या फटक्यावरून वेग ठरवू नये.

आता टिकाऊपणा, कारण पैसा तिथेच वाचतो. पिसांच्या शटलला १६ पिसं असतात, सगळी एकाच बाजूच्या पंखाची. शिकाऊ मुलाचा फटका बुचावर बसण्याऐवजी पुष्कळदा चौकटीला लागून पिसांवर बसतो. पिसाची काडी मोडली की शटल डगमगायला लागलं, संपलं. म्हणजे ज्या मुलाला पिसांचा फायदा अजून घेताच येत नाही, तेच मूल सर्वांत जास्त पिसं मोडतं. नायलॉनचा घागरा असे चुकार फटके सोसतो. सुरुवातीची वर्षं मेविसवर काढण्याचं हे सगळ्यात भक्कम कारण.

पण नायलॉन अमर नाही, आणि ते मरतं तेव्हा सहज दिसत नाही. पिसाचं शटल मोडलं की मोडलं. नायलॉनचं हळूहळू बिघडतं आणि मुलं त्याच्यावरच खेळत राहतात. पहिलं लक्षण घागऱ्यावरची घडी. स्मॅश, म्हणजे वरून खाली जोरात मारलेला फटका, बसला की घागरा आत दबतो आणि परत फुलतो, पण शेकडो फटक्यांनंतर एका जागी दुमड कायमची राहते आणि शटल हवेत थरथरतं. दुसरं, बुचाजवळची एखादी दांडी तडकते. ही तडक बोटाने घागरा हलकेच दाबल्यावरच कळते. तिसरं, घागरा बुचात ढिला होतो. कानाशी धरून हलवलं तर बारीक कटकट ऐकू येते. चौथं, बूच एका बाजूने मऊ पडतं आणि त्या बाजूने मारलेला फटका मेल्यासारखा जातो. चांगली तपासणी म्हणजे शटल उंच सरळ वर मारायचं आणि खाली येताना बघायचं. बूच खाली करून स्थिर आलं तर ठेवा, गिरक्या घेत किंवा लटपटत आलं तर बाजूला काढा. थरथरणाऱ्या शटलवर मूल फटक्याची वेळ शिकत नाही, अंदाजपंचे रॅकेट फिरवायला शिकतं.

थंडीत नायलॉन ठिसूळ होतं आणि नवंकोरं शटलसुद्धा पहिल्या काही रॅलींत तडकू शकतं. डबा खेळायच्या आधी काही वेळ उबदार जागी ठेवावा. उन्हात बंद गाडीत ठेवला तर उलट होतं, घागरा मऊ पडून आकार सोडतो. किरकोळ घडी पडली असेल तर फक्त घागरा मिनिटभर गरम पाण्यात धरून, बोटांनी गोलाई देऊन, तसाच वाळू द्यावा. बुचाला पाणी लागता कामा नये. खोल घडी याने जात नाही. खेळून झालं की शटल डब्यातच ठेवा. पिशवीत कोंबलेलं नायलॉन न खेळताही वाकडं होतं.

खर्चाचं गणित कोणाच्या सांगण्यावर करू नका, आपल्या कोर्टवर मोजा. डब्यावर उघडल्याची तारीख लिहा आणि आठवड्याच्या शेवटी मेलेली शटल मोजा. पद्धत कळावी म्हणून एक धरून चाललेलं उदाहरण: चार मुलं, रोज दोन तास, आठवड्याला पाच दिवस. रोज पिसांची सहा शटल खपतात असं समजू. महिन्याच्या वीस दिवसांत १२० नग, म्हणजे बाराचे दहा डबे, दर मुलामागे अडीच. त्याच गटाला मेविसचा रोज एक नग लागला तर महिन्याला वीस, म्हणजे चौघांत मिळून सहाचे साडेतीन डबेसुद्धा नाहीत. आता तीन दिवस नायलॉन आणि दोन दिवस पिसं असं वाटलं, तर पिसांचे चार डबे, म्हणजे मुलामागे एक, आणि मेविसचे चौघांत दोन. अडीच डब्यांवरून एका डब्यावर येणं हा फरक वर्षभरात एखाद-दोन स्पर्धांच्या प्रवासाएवढा होऊ शकतो. आणि मुलाचा सरावाचा एकही दिवस बुडत नाही.

मग पूर्ण सराव नायलॉनवर का नको? कारण दोन्ही शटल वेगळी उडतात, आणि मुलाचं शरीर जे शटल रोज पाहतं त्याचा मार्ग पाठ करतं. कंपनी सांगते की फटक्यानंतर मेविस ३५०चा घागरा ०.०२ सेकंदात पूर्ववत होतो, इतर नायलॉनपेक्षा लवकर. या दर्जाच्या शटलमध्ये हे पिसांच्या बरंच जवळ जातं, हे खेळताना पटतंही. पण जवळ म्हणजे तेच नव्हे. नियमही हे ओळखतात: पिसांच्या शटलचं वजन ४.७४ ते ५.५० ग्रॅम असावं लागतं, आणि कृत्रिम शटलला मापात आणि वजनात १० टक्क्यांपर्यंत फरक चालतो.

क्लिअर घ्या. पिसांचं शटल शेवटी वेग गमावून जवळजवळ उभं खाली येतं. नायलॉनचा उतार लांबट असतो. नायलॉनवर तयार झालेलं मूल सवयीने एक पाऊल मागे थांबतं, पिसांचं शटल त्याच्या पुढ्यात पडू लागतं आणि फटका अंगाच्या फार पुढून, वाकून निघतो. बघणाऱ्याला वाटतं मुलाचे पाय हळू आहेत. पाय ठीक असतात, डोळ्यांना दुसऱ्या शटलचा अंदाज पाठ झालेला असतो.

स्मॅशमध्ये फसवणूक जास्त मोठी. जोरात मारल्यावर नायलॉनचा घागरा आवळला जातो, हवेचा अडथळा कमी होतो आणि शटल समोरच्यापर्यंत जोरातच पोचतं. पिसांचं शटल सुरुवातीला तसंच सुटतं पण वाटेत झपाट्याने मंदावतं. आपल्या बॅचमध्ये स्मॅशवर गुण काढणाऱ्या ताकदवान मुलाचे तेच स्मॅश स्पर्धेत सहज परत येतात. मग ते आणखी जोर लावतं, आणि तिथून चुका आणि खांद्याच्या तक्रारी सुरू होतात.

सगळ्यात मोठी दरी नेटजवळ आहे. नेटच्या पट्टीशी रॅकेट आडवी सरकवून बुचाला हलकेच घासलं की पिसांचं शटल कोलांट्या घेत पट्टी ओलांडतं, समोरच्याला ते सरळ होईपर्यंत थांबावं लागतं आणि तेवढ्यात ते खाली गेलेलं असतं. नायलॉन अशा अंदाजात येणाऱ्या, हुकमी कोलांट्या देत नाही. तिरकं कापून मारलेल्या ड्रॉपचंही (नेटच्या लगेच पलीकडे हलकेच टाकलेल्या फटक्याचंही) तसंच: पिसं रॅकेटच्या कापाला ठळक उत्तर देतात, नायलॉन कमी देतं. ज्या मुलाच्या हातात नाजूकपणा आहे, ज्याचं शरीर लहान आहे पण डोकं चालतं, त्याचं सगळं भांडवल याच फटक्यांत असतं. फक्त नायलॉनवर ठेवलं तर त्याच मुलाचं सर्वांत जास्त नुकसान होतं, कारण त्याची गुणवत्ता कोणाच्या नजरेलाच पडत नाही. निवड चाचणीत पिसांचं शटल हातात येतं आणि ज्याच्या घरात रोज पिसं परवडतात ते मूल ‘हाताने चांगलं’ ठरतं. ही अडचण कोणी ठरवून आणलेली नाही, पण चाळणीचं काम ती करतेच.

म्हणून वाटणी दिवसांनुसार करण्यापेक्षा कामानुसार करावी. पायांची हालचाल, ड्राइव्ह (नेटवरून सपाट, वेगात मारलेले फटके), बचाव, दमसासाचे सराव नायलॉनवर. नेट, सर्व्हिस, ड्रॉप आणि गुण मोजून खेळायचे सामने पिसांवर. नेट आणि सर्व्हिसच्या सरावात पिसं मोडतही नाहीत, एकच शटल बराच वेळ पुरतं, त्यामुळे पिसांची सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाची मिनिटं तीच. स्पर्धेच्या आधीचे दोन आठवडे सामने पूर्णपणे पिसांवर खेळवा. एकाच सत्रात मात्र दोन्ही शटल आलटून पालटून देऊ नका. आधी पिसांचं काम उरका, मग नायलॉन काढा.

पिसांचं आयुष्यही वाढवता येतं. कोरड्या हवेत पिसं ठिसूळ होतात. खेळायच्या आदल्या रात्री उकळत्या किटलीची वाफ पिसांच्या बाजूने डब्यात दहा-एक सेकंद जाऊ द्यायची आणि झाकण लावून ठेवायचं. जास्त वाफ दिली तर शटल जड आणि वेगवान होतं, बूचही खराब होतं. हे काम मोठ्यांनी करावं, वाफेने हात भाजतो. वापरलेली पिसं टाकू नयेत. सगळी १६ शाबूत असलेली सामन्यासाठी, एखादं पीस गेलेली प्रशिक्षक एकामागून एक फेकून देतात त्या मल्टीशटल सरावासाठी, त्याहून खराब झालेली सर्व्हिसचं लक्ष्य साधायला. मोठ्या मुलांच्या बॅचमधून निघालेली दुसऱ्या प्रतीची पिसं लहान बॅचला मिळाली तर नवा डबा न फोडता आठवड्याचा नेटचा सराव निघतो. अकादमीने हे स्वतःहून करायला हवं, यात त्यांचा पैसाही जात नाही.

पर्यायांबद्दल थोडक्यात. त्याच मालिकेतलं मेविस २००० वरच्या दर्जाचं आणि महाग आहे, शिकाऊंना त्याची गरज नाही. प्रत्येक पीस सुटं असलेली कृत्रिम पिसांची शटल आता चांगली निघतात. जागतिक महासंघाने २०२१ पासून आंतरराष्ट्रीय स्पर्धांत कृत्रिम पिसांना परवानगी दिली आहे, तरी मुलांच्या वरच्या स्पर्धांत अजून नैसर्गिक पिसंच दिसतात. सुटी कृत्रिम पिसं उड्डाणात नायलॉनच्या एकसंध घागऱ्यापेक्षा उजवी आणि टिकाऊपणात नैसर्गिक पिसांपेक्षा बरी. दोन-तीन कुटुंबांनी एक डबा वाटून घेऊन पाहायला हरकत नाही. हॉलच मिळत नसेल तर मोकळ्यावर मेविस चालेल ही आशा सोडा, झुळुकीतही ते भरकटतं.

अकादमी निवडताना फीचा आकडा ऐकून थांबू नका. शटल फीमध्ये धरली आहेत की दर मुलाने डबा आणायचा? कोणत्या बॅचला कोणतं शटल? पिसांची बॅच फक्त जास्त फी भरणाऱ्यांना आहे का? ‘प्रगत’ बॅचची फी परवडते पण रोजचा डबा परवडत नाही, असं दाखल झाल्यावर कळलं तर मूल मध्येच मागे काढावं लागतं, आणि त्याला ते आपलंच अपयश वाटतं. वर प्रवास, राहणं, प्रवेशिका, सोबत जाणाऱ्या पालकाची बुडालेली मजुरी किंवा रजा हे सगळं असतंच. ते कोणतंही शटल कमी करत नाही.

स्पर्धेचं परिपत्रक हाती आलं की वयोगट आणि तारखांच्या आधी शटलची ओळ वाचा. कोणतं मॉडेल, कोणता वेग, हे बहुतेक वेळा लिहिलेलं असतं. लहान वयोगटांना काही ठिकाणी नायलॉनच असतं, तिथे पिसांवर खर्च करायचं कारण नाही. ओळ नसेल तर प्रवेशिका भरण्याआधी आयोजकांना विचारा, आणि उत्तर मिळेल त्याच मॉडेलचा एक डबा बॅचमधल्या सगळ्यांनी मिळून, दोन आठवडे आधी आणा.